व्यवस्थापन आणि नेतृत्व: खान्देशातल्या संस्था, कंपन्या आणि गटांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शेतकरी कंपन्यांचे संचालक, पतसंस्थांचे मॅनेजर, जिनिंगमधले (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातले) सुपरवायझर, बचत गटांच्या अध्यक्षा आणि मॅनेजमेंट शिकणारी मुलं आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे, गावं आणि नावं मात्र काढली आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. मॅनेजर आणि लीडर यांत फरक काय? एकदम सोप्या भाषेत सांगा.

ठरलेलं काम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या दर्जाचं व्हावं म्हणून जे करावं लागतं ते व्यवस्थापन. काय करायचं हेच ठरलेलं नसतं किंवा जुनी वाट बंद पडलेली असते, तेव्हा माणसांना नव्या वाटेवर आणणं म्हणजे नेतृत्व.

रावेर-यावलकडच्या केळीच्या पॅकहाउसवर एक सकाळ उभं राहिलं तरी हे दिसतं. बागेतून घड येतात, फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यात चीक धुतला जातो, वजन होतं, खोके भरतात आणि 13 अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमधून माल निघतो. कापणीची टोळी उजाडता बागेत पोहोचली का, खोके आदल्या रात्री आले का, काटा तपासला का, टोळीचे पैसे ठरल्या दिवशी मिळाले का, हे सगळं व्यवस्थापन. पण त्याच गावातले शेतकरी वर्षानुवर्षं व्यापाऱ्याला बांधावरच माल देत आले होते. ‘आपण माल एकत्र करू, प्रतवारी करू, आखूड फणी बाजूला काढू’ असं कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं. पहिल्या हंगामात पैसे उशिरा आले तेव्हा चिडलेल्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांना धरून ठेवलं. हे नेतृत्व. ते नसतं तर पॅकहाउस उभंच राहिलं नसतं, आणि व्यवस्थापन नसेल तर उभं राहिलेलं पॅकहाउस दुसऱ्या हंगामात बंद पडतं.

2. मग दोन्हींत मोठं कोणतं?

मोठं-लहान नाही. पण आपल्या भागात कमतरता कशाची आहे असं विचाराल तर व्यवस्थापनाची, असं माझं स्पष्ट मत आहे. सभा गाजवणारा, चार गावं जोडणारा, साहेबाच्या केबिनमध्ये बिनधास्त शिरणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात सापडतो. कीर्द रोजच्या रोज लिहिणारा, स्टॉक आणि पावत्या जुळवणारा, सभेची नोटीस मुदतीत काढणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याला पगार तुटपुंजा देतात आणि मान त्याहून कमी. संस्था बुडाल्या की लोक म्हणतात, नेता चुकला. आत जाऊन कागद पाहिले तर बहुतेक वेळा दिसतं की कितीतरी महिने ताळा जमलेला नव्हता आणि ते कोणी विचारलंही नव्हतं.

3. हा फरक मुळात कोणी सांगितला? परीक्षेत विचारतात.

व्यवस्थापनाची कामं पहिल्यांदा नीट मांडली ती फ्रान्समधल्या खाणकंपनीचे प्रमुख हेन्री फेयॉल यांनी, 1916 साली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. नेतृत्व त्यांनी वेगळं काढलं नव्हतं. 1977 मध्ये अब्राहम झालेझ्निक यांनी मॅनेजर आणि लीडर ही दोन वेगळ्या घडणीची माणसं असतात, असं मांडलं आणि वाद सुरू झाला. 1990 मध्ये जॉन कॉटर यांनी तो माणसांवरून कामांवर आणला. त्यांच्या मते गुंतागुंत आवरणं हे व्यवस्थापनाचं काम, तर बदल पेलणं हे नेतृत्वाचं. हेन्री मिंट्झबर्ग यांनी 1970 च्या दशकात मॅनेजर दिवसभर प्रत्यक्षात काय करतात ते बघून दहा भूमिका सांगितल्या. त्यांतली एक भूमिका नेत्याची आहे.

मला कॉटर आणि मिंट्झबर्ग यांचं पटतं. माणसं दोन जातींची असतात हे झालेझ्निक यांचं म्हणणं छोट्या संस्थेत टिकत नाही. तिथे एकाच माणसाला सकाळी एक काम करावं लागतं आणि संध्याकाळी दुसरं (प्रश्न 10 पाहा).

4. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत चेअरमन आणि सीईओ दोघं आहेत. कोणी काय करायचं?

इथे कायद्यानेच बरीच विभागणी करून दिली आहे आणि ती बहुतेकांनी वाचलेली नसते. उत्पादक कंपनीची तरतूद आधी 1956 च्या कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. आता ती 2013 च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे. किमान 5 आणि जास्तीत जास्त 15 संचालक लागतात. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. त्याची नेमणूक संचालक मंडळ करतं आणि तो पदसिद्ध संचालक असतो.

यामागचा विचार फार चांगला आहे. दिशा ठरवणारे लोक स्वतः शेतकरी असावेत, म्हणजे कंपनी कोणासाठी आहे हे विसरलं जाणार नाही. रोजचा कारभार पाहणारा मात्र सभासद नसावा, म्हणजे ‘माझा माल आधी मोजा’ हा मोह त्याला होणार नाही. धोरण, सभासदत्व, वार्षिक उद्दिष्टं आणि अंदाजपत्रक मंडळाकडे. बँक खातं चालवणं, हिशेबाची पुस्तकं, कर्मचारी, खरेदी-विक्री ही कामं मंडळाने दिलेल्या अधिकारात सीईओकडे. मंडळाची सभा तीन महिन्यांतून किमान एकदा, वर्षात किमान चार. त्या सभेत सीईओने आकडे मांडायचे आणि मंडळाने त्यांवर प्रश्न विचारायचे.

5. आमचे चेअरमन आबा रोज ऑफिसात येऊन बसतात आणि हमालांनाही थेट सांगतात. मी सीईओ आहे, वयाने लहान आहे. त्यांना कसं सांगू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आबांचा हेतू वाईट नसतो. कंपनी त्यांनी घरोघर फिरून उभी केलेली असते, शेअरचे पैसे लोकांनी त्यांच्या शब्दावर दिलेले असतात. पण हमालाला दोघांकडून दोन गोष्टी ऐकू आल्या की तो तिसरंच करतो आणि चूक तुमच्या नावावर पडते.

समोरासमोर, बाकी कोणी नसताना बोला. ‘आबा, तुम्ही लक्ष घालू नका’ असं म्हणू नका. त्यांना त्यांचंच काम द्या: ‘आबा, यंदा चोपड्याकडचे चाळीस शेतकरी माल देईनात. मी गेलो तर ते बसूसुद्धा म्हणणार नाहीत. तुमच्याशिवाय ते जमणार नाही.’ हे खुशामतीचं बोलणं नाही, ती खरीच त्यांची जागा आहे. गेटवरच्या गोष्टींसाठी एक रीत ठरवून घ्या. आबांना काही खटकलं तर त्यांनी तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही त्याच दिवशी काय केलं ते त्यांना कळवायचं. ही रीत पुढच्या मंडळ सभेत ठराव करून प्रोसिडिंगला (सभेच्या इतिवृत्तात) घ्या. त्यानंतर मात्र एकदाही कळवायचं विसरू नका. मोठ्या माणसाला बाजूला ठेवल्यासारखं वाटलं की तो पुन्हा गेटवर येऊन उभा राहतो.

6. माझ्याकडे कोणतंच पद नाही. तरी नेतृत्व करता येतं?

येतं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार एम.कॉम. होऊन नोकरीच्या मागे न जाता गावात राहिले आणि गावाने मिळून सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुरुवातीला त्यांच्या हातात कोणाला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. लाकडावरच चूल पेटणाऱ्या गावाला लाकूड तोडू नका असं सांगायचं होतं, आणि ते सांगणाऱ्याला आधी स्वतः तोडणं थांबवावं लागतं.

पण बारीपाड्याची गोष्ट सांगताना लोक अर्ध्यावर थांबतात. गावाने नियम केले, तोडणाऱ्याला दंड ठेवला, राखणीची व्यवस्था लावली आणि हे वर्षानुवर्षं चालवलं. जंगल परत आलं ते या दुसऱ्या अर्ध्यामुळेही.

7. माझ्या हाताखालची माणसं मला घाबरतात आणि काम वेळेवर होतं. म्हणजे मी चांगला लीडर आहे ना?

काम वेळेवर होतं म्हणजे व्यवस्थापनाचा एक भाग जमलाय. तुम्ही आठवडाभर बाहेरगावी गेल्यावर काय होतं ते बघा. आणि वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती उशिरा पोहोचते तेही तपासा. घाबरलेला माणूस कापसाच्या गाठीतला ओलावा वाढलाय हे सांगत नाही, गाडी परत आल्यावर ते तुम्हाला कळतं.

8. समोर आलेला प्रश्न व्यवस्थापनाचा आहे की नेतृत्वाचा, हे ओळखायचं कसं?

हार्वर्डचे रोनाल्ड हायफेट्झ यांनी 1994 मध्ये यासाठी एक उपयोगी भेद सांगितला. काही प्रश्नांचं उत्तर कोणाला तरी ठाऊक असतं, फक्त ते नीट अमलात आणायचं असतं. काही प्रश्नांत मात्र लोकांना स्वतःच्या सवयी, समजुती किंवा कमाई सोडावी लागते आणि ते काम बाहेरचा तज्ज्ञ त्यांच्यासाठी करू शकत नाही. पहिल्या प्रकाराला व्यवस्थापन पुरतं, दुसऱ्याला नेतृत्व लागतं.

आपल्याकडचं उदाहरण केळीवरच्या सीएमव्हीचं (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे हरण्या रोगाचं. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. रोगट झाडावर औषध नाही, ते उपटून नष्ट करावं लागतं. आता एखाद्या शेतकरी कंपनीपुढे काय काय येतं ते पाहू. खात्रीच्या ठिकाणची टिश्यूची (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपं आणणं, माव्याच्या फवारणीचं वेळापत्रक करणं, बांधावरचं तण काढायला मजूर लावणं. याची माहिती कृषी विज्ञान केंद्रात मिळते. यादी करा, जबाबदारी वाटा, तारखा टाका. झालं.

पण शिवारातल्या एका बागेत रोग दिसतो आणि मालक म्हणतो, ‘माझी चारशे झाडं मी का उपटू? खर्च मी केला, खत मी टाकलं. थोडं थांबतो, कदाचित सुधारतील.’ त्याच्या शेजारच्याची बाग अजून हिरवीगार असते. तो म्हणतो, ‘त्याने उपटावी, माझ्याकडे काही नाही.’ तिसऱ्याने बागेत काकडी लावलेली असते. ती रोगाला आसरा देते हे त्याला माहीत असतं, पण काकडीचे पैसे लवकर हाती येतात. इथे परिपत्रक काढून काही होत नाही. कोणीतरी या तिघांना एका ओट्यावर बसवावं लागतं. ज्याची झाडं जाणार त्याचा तोटा त्याने एकट्याने सोसायचा की सगळ्यांनी काही भार उचलायचा, हा अवघड विषय तोंडाने काढावा लागतो. शिव्या खाव्या लागतात. आणि हे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या बागेत रोगट झाड असेल तर ते सगळ्यांच्या आधी उपटलेलं असावं लागतं. हे नेतृत्वाचं काम.

खूण अशी: आवश्यक ती माहिती, पैसा आणि माणसं दिल्यावर प्रश्न सुटणार असेल तर तो व्यवस्थापनाचा. सगळं देऊनही सुटत नसेल आणि कोणाला तरी काहीतरी गमवावं लागणार असेल तर नेतृत्वाचा. नेतृत्वाच्या प्रश्नावर मीटिंगमागून मीटिंग आणि फॉर्मवर फॉर्म असा इलाज करणं ही संस्थांची नेहमीची चूक. उलटी चूकही होते: वसुलीचं रजिस्टर अपुरं आहे, आणि अध्यक्ष प्रेरणादायी भाषण देत आहेत.

9. आपल्या भागातलं एखादं जुनं उदाहरण द्या, ज्यात दोन्ही दिसतात.

जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. 1936 च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात झालेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. साने गुरुजी पूर्व खान्देशातली (आजच्या जळगाव जिल्ह्यातली) गावं पालथी घालत होते, माणसं जोडत होते. शेतकऱ्याला हे आपलं कार्य वाटलं पाहिजे, ही त्यांची धडपड. चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि त्यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून नगरी सजवली.

आता दुसरी बाजू डोळ्यांसमोर आणा. हजारो पाहुणे आणि लहानसं गाव. पाणी कुठून, स्वयंपाक कोणाकडे, शौचाचे चर कुठे खणायचे, स्टेशनवरून माणसं आणायची कशी, रात्री आजारी पडलेल्याला कोण बघणार? हे काम मनाच्या उभारीवर होत नाही. त्याला यादी लागते आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकेक नाव लागतं. ज्यांनी ते पार पाडलं त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. मला याचं वाईट वाटतं.

10. माझी डाळ मिल आहे, सात-आठ माणसं. दोन्ही मलाच करावं लागतं. कसं जमवू?

वेळ वेगळा काढा. सकाळचा तास मशिनरी, माल, हजेरी आणि उधारी यांसाठी, त्यात दुसरं काही नको. आठवड्यातून एकदा, मिल बंद झाल्यावर, माणसांसोबत चहा घेऊन पुढच्या सहा महिन्यांचं बोला: सॉर्टेक्स (डाळ निवडणारं यंत्र) घ्यायचं का, घेतलं तर निवडणाऱ्या बायांचं काम काय होईल. या दोन गोष्टी एकत्र केल्या की उधारीचा फोन नेहमी जिंकतो.

11. बचत गटात दहा-बारा बायका. आम्हाला हे कशाला?

ताई, तुमच्याकडे तर हे आधीच आहे. पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. हे पाचही व्यवस्थापन. ज्या बैठकीत एखादीने ‘कर्ज नेहमी त्याच तिघींना का मिळतं?’ असं सर्वांसमोर विचारलं, ते नेतृत्व. ती अध्यक्ष असायलाच हवी असं नाही (प्रश्न 6).

12. चांगल्या कामगाराला सुपरवायझर केलं आणि दोघांचं नुकसान झालं. काय चुकलं?

जिनिंगमधला उत्तम फिटर हाताने विचार करतो. सुपरवायझरला दुसऱ्याच्या हातून काम करून घ्यावं लागतं, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं. बढती देण्याआधी एका हंगामात त्याच्याकडे दोन नवी मुलं सोपवा. तो त्यांना शिकवतो की स्पॅनर हातातून ओढून घेतो ते बघा. ओढून घेत असेल तर त्याला फिटर म्हणूनच पगारवाढ द्या, सुपरवायझरइतकी. पद वाढल्याशिवाय पैसा वाढत नाही, ही पद्धत मोडली पाहिजे.

13. आणीबाणीत काय? तिथे चर्चा करत बसायचं का?

नाही. कापसाच्या गंजीला आग लागली की एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मेन स्विच कोण पाडणार, फायर ब्रिगेडला फोन कोण करणार, उभा ट्रॅक्टर कोण हलवणार, हे हंगामाआधी ठरलेलं आणि करून पाहिलेलं असावं. त्या घडीला तुमचं जुनं व्यवस्थापन कामाला येतं. नेतृत्वाची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी येते, जेव्हा माणसं घाबरलेली असतात आणि दोषी कोण याची कुजबुज सुरू झालेली असते.

14. आमच्या अण्णांनी संस्था उभी केली. आता त्यांच्याशिवाय पान हलत नाही. हे यश म्हणायचं का?

उभी केली हे यश. पान हलत नाही हा धोका. कोणत्या व्यापाऱ्याला किती उधार द्यायचं, कोणता सभासद खरं बोलतो, बँकेतलं कोण मदत करतं, हे सगळं अण्णांच्या डोक्यात असतं. ते कागदावर आणि दुसऱ्या दोन माणसांच्या डोक्यात यायला हवं. अण्णांना निवृत्त व्हा म्हणू नका. त्यांच्या प्रत्येक मोठ्या व्यवहाराला एक तरुण संचालक सोबत न्या, आणि वर्षाच्या आत एक व्यवहार त्या तरुणाने करावा, अण्णांनी बाजूला बसावं. पहिल्या वेळी चार पैसे कमी मिळतील. ते सोसा.

15. अध्यक्षांवर लोकांचा प्रचंड विश्वास आहे, पण ते चुकीच्या माणसाला मोठं कर्ज द्या म्हणतात. मी पतसंस्थेचा मॅनेजर आहे. नेत्याचं ऐकायचं की नियमाचं?

नियमाचं. लोक मागे आले म्हणजे दिशा बरोबर आहे असं होत नाही. माणसांना चुकीच्या ठिकाणीही नेता येतं, आणि तेव्हा त्यांना अडवणारी शेवटची माणसं व्यवस्थापनातलीच असतात. तारण, परतफेडीची ऐपत, आधीची थकबाकी यांवरचा तुमचा अभिप्राय लेखी द्या, आवक-जावक क्रमांकासह. तोंडी विरोधाला पुढे किंमत राहत नाही. विरोध असलेल्या संचालकाने तो प्रोसिडिंगमध्ये नावानिशी नोंदवून घ्यावा, कारण 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे समितीचे सदस्य आपल्या मुदतीतल्या निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. सह्या करून घरी गेलं की विषय संपत नाही. हे तुमच्या नोकरीवर बेतू शकतं, हे मी जाणतो. पण तिथे ज्या विधवेची, निवृत्त शिक्षकाची ठेव आहे, त्या ठेवीच्या राखणीसाठीच तुमची खुर्ची आहे.

16. मला नेता व्हायचंच नाही. हिशेब, स्टॉक, वेळापत्रक यातच मला आनंद आहे. प्रत्येक प्रशिक्षणात ‘लीडर बना’ सांगतात. मी मागे पडेन का?

तुम्ही जिथे आहात तिथे राहा आणि ते काम उत्तम करा. संस्थेला तुमची गरज किती आहे ते प्रश्न 2 मध्ये लिहिलंय. एवढंच करा: तुमच्या वहीत काही बिघडताना दिसलं, थकबाकी वाढतेय, एकाच शेतकऱ्याच्या मालाची घट दरवेळी कमी लागतेय, तर ते मंडळासमोर आकड्यासह मांडा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या सभेत पुन्हा मांडा. त्यासाठी भाषण यावं लागत नाही. आणि पुढच्या प्रशिक्षणात कोणी तुम्हाला ‘लीडर बना’ म्हटलं तर त्यांना स्टॉक रजिस्टर कसं तपासतात ते शिकवायला सांगा. मागच्या बाकांवर बसलेल्या निम्म्या लोकांना तेच हवं असतं.